हाकेला ओ

मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमा. दिवेलागणीची वेळ. देवघरापुढं पाळणा सजलेला असतो, झेंडूच्या माळा असतात, सुंठवड्याची वाटी असते आणि पाळण्यात दत्तमहाराजांची चिमुकली मूर्ती. बायका दोरी हातात घेऊन पाळणा म्हणतात, आम्ही पुरुषमंडळी फुलं उधळतो, मग आरती होते. भुकूमला आमच्या घरी हा सोहळा आजोबांच्या वेळेपासून चालत आला आहे. मी तो साठ वर्षं तरी डोळ्यांनी बघतो आहे.

गेल्या वर्षी मात्र पाळण्याची दोरी हातात घेतली आणि माझा हात थांबला. का थांबला ते आपल्यापुढं मांडावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त पहिलीच्या वर्गावर. दरवर्षी दत्तजयंतीच्या आधी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह करतो. पहाटे स्नान, सोवळं, एक आसन, वाचन संपेपर्यंत मौन. हे नियम मी कधी मोडले नाहीत आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानही होता.

गेल्या वर्षी आमची नात वीस महिन्यांची होती. मुलगा सकाळीच हिंजवडीला कामावर जातो, सूनबाई घरातूनच काम करतात, त्यांचं दार बंद असतं. आमची ही सोवळ्यातल्या स्वयंपाकात. मी पोथीवर. मग नातीला सांभाळायचं कुणी? मीच युक्ती काढली. मोबाईलवर भक्तिगीतं लावली आणि मोबाईल तिच्या हातात दिला. मनाला बरंही वाटलं. कार्टून थोडंच बघते आहे, देवाचंच नाव कानावर पडतंय.

पहिल्या दिवशी ती देवघराच्या दारात आली आणि "आबा!" म्हणाली. चार-पाच वेळा म्हणाली. मी डाव्या हातानं 'जा जा' अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी तिनं माझं उपरणं ओढलं, तेव्हा मी डोळे वटारले. तिसऱ्या दिवशी दारात उभी राहून नुसती बघत राहिली आणि परत गेली. चौथ्या दिवशी ती आलीच नाही.

दुपारी पानावर बसलो तेव्हा मी कौतुकानं म्हणालो, "आता शहाणी झाली हो. अजिबात त्रास देत नाही."

ही वाढता वाढता थांबली. म्हणाली, "शहाणी नाही झाली. तिनं तुमची आशा सोडली." आणि मग, फारसा आवाज न चढवता, "तुम्ही जन्मभर लोकांना सांगत आलात, दत्तमहाराज स्मर्तृगामी आहेत. आठवण काढायचा अवकाश, पुढं उभे राहतात. आणि त्यांच्या भक्तानं दाराशी आलेल्या लेकराला हात हलवून घालवायचं, असं कुठल्या अध्यायात आहे हो?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सप्ताह पुरा केला, कारण संकल्प सोडलेला होता. पण पौर्णिमेला पाळण्याची दोरी धरली, आणि पाळण्यातल्या मूर्तीपेक्षा खांबाला टेकून मोबाईलमध्ये बघत बसलेलं आमचं जितंजागतं बाळच डोळ्यांपुढं राहिलं.

दत्तभक्तहो, प्रश्न माझ्या घरातला असला तरी तो एकट्या माझा नाही. साधना चालू असताना बाळानं हाक मारली तर तो विक्षेप समजायचा का? आणि त्या हाकेला ओ देणं याला काय म्हणायचं? माया, मोह, की धर्म?

पोथीतच उत्तर शोधायचं म्हटलं तर फार लांब जावं लागत नाही. सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी चौथा अध्याय येतो. त्रिमूर्ती अतिथी होऊन अत्रिऋषींच्या आश्रमात आले, त्यांनी अनसूयामातेची कठीण परीक्षा पाहिली आणि तिच्या पुण्याईनं तिघांची बाळं झाली. हा चमत्कार आपण सगळे सांगतो. चमत्कारानंतर तिनं काय केलं, तिकडं आपलं लक्ष जात नाही. तिनं त्यांना पाजलं, पाळण्यात घातलं आणि ती गाऊ लागली. ब्रह्मा, विष्णू, महेश साक्षात घरात असताना तिनं आरतीचं ताट शोधलं नाही की स्तोत्र म्हणत हात जोडून उभी राहिली नाही. देव बाळरूपात आले, तर बाळाला जे लागतं ते द्यायचं, हीच त्यांची पूजा. दत्तसंप्रदायाचा उगमच मुळी बाळाला घेतलेल्या एका आईपाशी आहे.

आता बाळाला काय लागतं, ते बघू. दूध लागतं, ऊब लागते, झोप लागते, हे कुणीही सांगेल. पण आणखी एक गोष्ट लागते आणि ती आपण मोजत नाही.

जन्मलेल्या बाळाची नजर फार लांबचं नीट पाहू शकत नाही. त्याला सगळ्यांत बरं दिसतं ते वीतभर ते सव्वा वीत अंतरावरचं. पाजताना आईच्या चेहऱ्याचं अंतर साधारण तेवढंच असतं. आईचा आवाज तर ते पोटात असतानाच ऐकत आलेलं असतं आणि जन्मल्यावर इतर आवाजांतून तो ओळखतं. म्हणजे जगात येताना ते दोनच गोष्टींची तयारी करून येतं, एक चेहरा आणि एक आवाज. बाकी सगळं इथं आल्यावर.

मेंदू पहिल्या एका वर्षातच आकारानं जवळजवळ दुप्पट होतो. या पहिल्या काही वर्षांत मेंदूच्या पेशींमध्ये दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या होत असतात, असं शास्त्रज्ञ सांगतात. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांच्या आतच होतो. मी पहिलीला शिकवायचो. म्हणजे मूल माझ्या हातात पडायचं तेव्हा मोठं काम आधीच होऊन गेलेलं असायचं! ते कुणी केलं? घरानं, अंगणानं, आजीनं.

या जोडण्या पुढं सगळ्याच टिकत नाहीत. आपल्या शेताच्या बांधावरच्या वाटेसारखं आहे हे. ज्या वाटेनं माणसं रोज जातात ती मळते, तिची वहिवाट पडते. जिच्यावरून कुणी जात नाही तिच्यावर पुढच्या पावसाळ्यात गवत उगवतं. बाळ 'ऊं' करतं, आई 'काय रे सोन्या' म्हणते. बाळ बोट दाखवतं, आजोबा 'अरे वा, कावळा!' म्हणतात. एक फेरा पूर्ण झाला. असे फेरे दिवसातून शेकडो वेळा झाले की बोलण्याची, समजण्याची, माणसावर विश्वास टाकण्याची वहिवाट पडते. फेरा अर्धाच राहिला, म्हणजे बाळानं हाक टाकली आणि पलीकडून काहीच आलं नाही, आणि असं वारंवार होत राहिलं, तर त्या वाटेवर गवत उगवतं.

अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईनं बाळाशी आधी नेहमीसारखं खेळायचं, मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसतं बघत राहायचं. रागवायचं नाही, दूर जायचं नाही, फक्त काही उत्तर द्यायचं नाही. बाळं काय करतात? हसतात, हात पसरतात, आवाज करतात, सगळ्या युक्त्या लढवून बघतात. आणि त्यातून काहीच होत नाही म्हटल्यावर नजर वळवतात. हे मी नंतर वाचलं, तेव्हा मला आमचं देवघराचं दार आठवलं. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा, चौथा. प्रयोगात आई लगेच परत हसते आणि बाळ सावरतं. मी सात दिवस लावले.

"पण मोबाईलवर देवाची गाणी होती की!" असं मीही म्हणालो होतो. त्याचंही उत्तर आहे. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसं प्रत्यक्ष समोर बसून बोलली, खेळली. काही बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. माणसांजवळ बसलेल्या बाळांचे कान त्या भाषेच्या उच्चारांना तयार झाले. टीव्ही पाहणाऱ्यांना काहीही आलं नाही. आवाज तोच होता, फक्त तो आवाज बाळाला 'ओ' देत नव्हता. आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांच्या आत पडदा नकोच म्हणते, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पडद्यावर भजन आहे की कार्टून, याला त्यात सवलत नाही.

आता दोन शंका. दोन्ही पोथीतूनच येतात, म्हणून त्यांना बगल देता येत नाही.

पहिली शंका. सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी अकरावा अध्याय येतो. कारंज्याला श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म झाला. जन्मताच ॐकार उच्चारला आणि पुढं मुंज होईपर्यंत ते बोललेच नाहीत. मुंजीत मातेकडून भिक्षा घेताना मुखातून वेद उमटले. आमच्या घरात कुणी "पोर अजून बोलत नाही" म्हटलं की मी हीच कथा सांगायचो. "महाराज नाही का सात वर्षं बोलले नव्हते? वेळ आली की बोलेल." माझ्यासारखं बोलणारे आपल्यात पुष्कळ असतील.

आता ती कथा पुन्हा नीट वाचा. आईवडील स्वस्थ बसलेले नाहीत. ते व्याकूळ आहेत, जो जो उपाय कुणी सांगेल तो करताहेत. आणि बाळ? बाळाला सगळं ऐकू येतंय, समजतंय, ते खुणांनी सांगतंय की मुंज करा, मग बोलेन. वाचा नव्हती पण संवाद पुरा होता. म्हणजे पोथी आपल्याला सांगते ती खूण ही आहे: मूल बोलत नसेल तर आधी बघा, ते ऐकतं का? नावानं हाक मारली तर वळून बघतं का? बोटानं दाखवतं का, नजरेला नजर देतं का? यातलं काही दिसत नसेल तर अवतारकथेच्या आड लपून वर्ष घालवणं हा त्या लेकराशी केलेला अपराध आहे. न बोलण्यामागं ऐकू न येणं असू शकतं, आणखीही कारणं असू शकतात, आणि लवकर कळलं तर उपाय असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं, २०१३ पासून ही सोय आहे. आपल्या अंगणवाडीताईंना नुसतं विचारा.

आमच्या सूनबाईंनी तेच केलं. सप्ताहानंतर त्या म्हणाल्या, "आबा, ही नावानं हाक मारली तरी बघत नाही. मला काळजी वाटते." मी तीच कथा सांगणार होतो, पण हिच्याकडं बघितलं आणि गप्प बसलो. आम्ही तिला डॉक्टरांकडं नेलं. कान तपासले, कान उत्तम होते. बाकीही सगळं तपासून झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "दिवसभर हिच्याशी बोलतं कोण?"

घरात चार मोठी माणसं. चौघंही तिथं हजर होतो. कुणालाच उत्तर देता आलं नाही.

मी सूनबाईंना दोष देत नाही, त्या नोकरी करतात. हिलाही नाही. चौघांत रिकामा वेळ असलेला माणूस मी एकटाच होतो, आणि तो वेळ मी देवाला दिला या समाधानात होतो.

दुसरी शंका जास्त खोल आहे. अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यांत कपोत आहे. कबुतराचं जोडपं पिलांच्या बोबड्या बोलात इतकं गुंतलं, की पिलं जाळ्यात सापडल्यावर आईनं मागं उडी घेतली आणि तिच्यामागं बापानंही. सगळं घरटं पारध्याच्या हाती लागलं. भागवताच्या एकादश स्कंधातली ही कथा एकनाथमहाराजांनी मराठीत विस्तारून सांगितली आहे. उपदेश स्पष्ट आहे: लेकरांत असं बुडू नका. मग नातीच्या हाकेला धावणारा म्हातारा तो कपोतच नव्हे का?

या शंकेनं मला पुष्कळ दिवस झोप लागू दिली नाही. नंतर एक गोष्ट ध्यानात आली. त्याच चोवीस गुरूंत बालकही आहे. मानापमानाची, घराची, उद्याची चिंता नसलेलं, स्वतःत रमलेलं मूल अवधूतांनी गुरू म्हणून निवडलं. गुरूनं हाक मारली तर शिष्यानं काय करायचं असतं?

मग कपोताचं चुकलं कुठं? पिलांना चारा आणला, त्यांच्या बोलांना साद दिली, यात त्याचं काही चुकलं नाही. 'माझी' म्हणून पिलांना इतकं कवटाळलं की ती गेल्यावर स्वतःपाशी काही उरलं नाही, तिथं चुकलं. हल्लीच्या काळात हा कपोत वेगळ्या रूपात दिसतो. 'मेंदूविकासाची' महागडी खेळणी, दीड वर्षाच्या बाळापुढं धरलेली इंग्रजी शब्दांची कार्डं, 'आमचा अजून रंग ओळखत नाही' म्हणून लागलेला घोर, शेजारच्या बाळाशी तुलना. यात बाळाच्या हाकेला उत्तर नाही, आपल्याच हौसेची हाक बाळाच्या तोंडी घातलेली आहे. मोह तो हा. मूल घडवायला निघालेल्या माणसाला मूल काय म्हणतंय ते ऐकू येत नाही.

ओ देणं फार साधं असतं. त्याला पैसा लागत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना मेंदूशास्त्र माहीत नव्हतं, पण तेल लावताना 'हा हात, हे पोट, हे बोट' चालायचं. घास भरवताना चिऊचा आणि काऊचा हिस्सा निघायचा. पदराआड तोंड लपवून 'कुऽऽक' व्हायचं आणि बाळ खळखळून हसायचं. त्या हसण्यात बाळ एक मोठा सिद्धांत शिकत असतं: दिसेनासं झालेलं माणूस परत येतं. बडबडगीतांना अर्थ नसतो म्हणतात. अर्थ कशाला हवा, त्यात ताल असतो आणि बाळाच्या वळणाची वाट बघत थांबणं असतं.

मीही आता तेच करतो. सकाळी नातीला घेऊन वाटाणे सोलायला बसतो. ती एक दाणा वाटीत टाकते, दोन जमिनीवर. मी मोजतो, ती माझ्या तोंडाकडं बघते. संध्याकाळी खाटपेवाडीच्या तळ्याच्या बाजूला फिरायला नेतो. आपली रामनदी तिथूनच निघते, पुढं पुण्याकडं जाते. ती बगळा दाखवते, मी 'बगळा' म्हणतो, ती 'बदा' म्हणते, मी पुन्हा म्हणतो. घाई करत नाही. तिनं काही म्हटलं की मी उत्तर देतो, आणि मी काही म्हटलं की तिच्या उत्तराची वाट बघतो. हे वाट बघणं मला पहिलीच्या वर्गात चौतीस वर्षांत कधी जमलं नव्हतं. दोनेक महिन्यांत ती हाकेला वळू लागली. शब्दही येऊ लागले. तिचं नशीब की कारण एवढंच होतं. सगळ्याच घरांत इतकं सोपं नसतं, हे मला ठाऊक आहे.

इथं थांबलो असतो तर मी कपोतच ठरलो असतो. माझी नात, माझं अंगण. पण आपल्या भुकूमकडं जरा मान वर करून बघा. पौड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिथं आपण भाताची लावणी केली तिथं आता उंच इमारती उभ्या राहताहेत. त्या बांधणारी माणसं लांबून आलेली. आई डोक्यावर घमेलं घेऊन जिना चढते आणि बाळ खाली साडीच्या झोळीत, नाहीतर वाळूच्या ढिगावर पाच-सहा वर्षांच्या ताईच्या ताब्यात. ते बाळही हाक मारतं. त्याच्या आईला ती ऐकू येते, पण घमेलं टाकून येता येत नाही. तिला आपण 'बाळाशी बोलत जा गं' असा उपदेश करायचा का? मला तो करवत नाही. हाकेला ओ देणं हा बाळाचा हक्क असेल, तर आईचे हात बांधलेले असताना ते ऋण कुणाचं?

पैठणच्या वाळवंटातली गोष्ट आपल्याला पाठ आहे. भर दुपारी तापलेल्या वाळूत एका अस्पृश्य मानलेल्या घरचं मूल रडत होतं. एकनाथमहाराज त्या वाटेनं निघाले होते. त्यांनी सोवळ्याचा विचार केला नाही, मुलाला कडेवर घेतलं, त्याचं नाक-तोंड पुसलं आणि त्याच्या घरी नेऊन पोचवलं. नाथ हे जनार्दनस्वामींचे शिष्य, म्हणजे दत्तभक्तीच्याच परंपरेतले. कपोताची कथा मराठीत सांगणारेही तेच. माझ्या शंकेचं उत्तर त्यांनी असं वाळूतून चालून दिलेलं होतं. कपोत आपल्या पिलांसाठी धावला, नाथ कुणाच्याही लेकरासाठी थांबले. वैराग्य म्हणजे लेकराच्या हाकेला बहिरं होणं नव्हे. 'हे माझं का?' असं न विचारता ओ देता येणं, हे वैराग्य.

या महाराष्ट्रात असे ओ देणारे होऊन गेले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात गेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला. मुलं गुरं राखायला जातात म्हटल्यावर कुरणशाळा झाली. पुढं २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. बांधकामावरच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत पहिलं पाळणाघर उघडलं, तेही गांधीजन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चाललेल्या जागेवरच. ते काम नंतर मुंबई-पुण्याकडंही आलं.

आणि परक्यानं दिलेला ओ वाया जातो असं कुणी समजू नये. जमैका बेटावर किंग्स्टन शहरात १९८६-८७ पासून गरीब वस्तीतल्या, वाढ खुंटलेल्या बाळांच्या घरी दोन वर्षं एक आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची. घरीच केलेली खेळणी न्यायची, बाळाशी खेळायची, आईलाही कसं खेळायचं ते दाखवायची. एवढंच. वीस वर्षांनी पाहिलं तर ही मुलं, जिथं असं कुणी गेलं नव्हतं त्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. आठवड्याला एक तास! आपल्यातल्या किती निवृत्त माणसांकडं तेवढा वेळ नाही?

दत्तजयंतीच्या महाप्रसादाला बांधकामावरची कुटुंबं येतात, आपण त्यांना प्रेमानं वाढतो. यंदा आम्ही पारायणाला बसणाऱ्या सात-आठ जणांनी ठरवलं आहे, की पंगत चालू असताना मंडपाच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाकून लहान मुलांजवळ बसायचं. आयांना दोन घास निवांत खाऊ द्यायचे. मुलांना खेळवायचं, त्यांच्याशी बोलायचं, त्यांची भाषा येत नसली तरी. आणि त्या दिवसापुरतं न ठेवता, आठवड्यातला एक तास अंगणवाडीताईंना विचारून तिथं द्यायचा. फार मोठं काही नाही. अन्नदान आपण करतोच, त्याला हे जोडून घ्यायचं.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. लिहितो. माझ्या स्वतःच्या मुलाला मी लहानपणी कधी कडेवर घेतलं नाही. वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं मूल उचलायचं नसतं, अशी तेव्हाची रीत. वडील ओटीवर, मी माजघरात, मूल आईपाशी. तोही दारात येऊन "दादा" म्हणत असेल. मला आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बोचतं. परवा तो कामावरून आला तेव्हा मी नातीशी भोवरा-भोवरा खेळत होतो. तो दारातच थांबला, बूट न काढता बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, तुम्हाला हे येत होतं होय?"

मी म्हणालो, "नव्हतं रे. हिनं शिकवलं."

यंदाचा सप्ताह आता तोंडावर आला आहे. आसन तेच, पोथी तीच. संकल्प सोडताना मात्र एक वाक्य मनात वाढवणार आहे: वाचताना लेकरानं हाक मारली तर बोट ओवीवर ठेवून मी 'ओ' म्हणेन, त्याला जवळ घेईन आणि मग पुढं वाचेन. आमच्यातल्या एका ज्येष्ठांना हे पटलेलं नाही. नियम तो नियम, असं ते म्हणतात, आणि त्यांच्या निष्ठेपुढं मी हात जोडतो. माझं मौन मोडल्याचा दोष लागत असेल तर तो मी महाराजांच्या पायाशी ठेवीन. हाक मारताच येणारा देव हाकेला उत्तर दिल्याबद्दल रागावेल, असं मला तरी वाटत नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी पाळण्याची दोरी यंदा नातीच्या हातात देणार आहे. ती ओढता ओढता मधेच थांबून "आबा, बाप्पा झोपला?" असं विचारेल, हे मला आत्ताच माहीत आहे. उत्तर तयार ठेवलं आहे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!